महापालिका शाळांची जुनी रजिस्टरे सांभाळा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महापालिकेच्या शाळांचे एकत्रीकरण होते किंवा धोकादायक इमारत रिकामी होते, तेव्हा पट, शिक्षक आणि वर्गखोल्या यांचा विचार होतो. जनरल रजिस्टरे, म्हणजे प्रत्येक मुलाच्या प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची नोंद असलेली शाळेची दप्तरे, कुठे जाणार, हे कोणी विचारत नाही. शहराच्या शिक्षणाचा खरा इतिहास त्यांतच आहे.

१८८८च्या मुंबई महापालिका कायद्याने प्राथमिक शिक्षण हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले. १९२०च्या कायद्याने सक्तीच्या शिक्षणाचा मार्ग खुला झाला आणि १९२५ साली एफ व जी विभागांत, म्हणजे परळ, दादर, वरळीच्या कामगारवस्तीत, ती सक्ती लागू झाली. १९५० आणि १९५७ साली हद्द वाढत मुलुंड-दहिसरपर्यंत गेली, तशी पालिकेच्या शाळांची संख्याही वाढली. एकाच इमारतीत सकाळची एक, दुपारची एक, मुलांची वेगळी, मुलींची वेगळी, त्यात माध्यमे निरनिराळी, आणि प्रत्येक शाळेचे रजिस्टर स्वतंत्र. १९८२च्या गिरणी संपानंतर गिरणगावातली कुटुंबे पांगली, मराठी शाळांचा पट घसरला आणि शाळा एकमेकींत मिसळत गेल्या. क्रमांक बदलले, नावे बदलली.

अडचण येते ती जात पडताळणीच्या वेळी. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा समिती मागते. आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा हा अनेक कुटुंबांकडचा एकमेव कागद असतो. पण रजिस्टरातल्या नोंदी प्रवेशाच्या क्रमाने असतात, आडनावाने नाहीत. प्रवेशाचे वर्ष किंवा रजिस्टर क्रमांक ठाऊक नसेल तर पानन् पान चाळावे लागते. आणि शाळाच विलीन झाली असेल तर कोणत्या कपाटात चाळायचे, हे सांगणारा माणूस निवृत्त झालेला असतो.

कागदाचे हालही थोडे नाहीत. जिन्याखालच्या कपाटात तळाला ठेवलेली रजिस्टरे पावसाळ्यात ओल धरतात; मग बुरशी, कसर, वाळवी. फाटके पान सेलोटेपने चिकटवले की काही वर्षांत टेप पिवळी पडते आणि खालची अक्षरे डागाळतात. लॅमिनेशन तर करूच नये, ते परत निघत नाही. झेरॉक्स काढताना रजिस्टर काचेवर दाबले की शिवण उसवते. त्यापेक्षा ते उशीवर अर्धवट उघडे ठेवून वरून फोटो घ्यावा. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत दमटपणा कोंडतो. सुती कापडाचे बासन, लोखंडी मांडणी, जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून थोडे अंतर एवढे पुरते. यात मोठा खर्च नाही.

शिक्षण विभागाने प्रत्येक विलीन शाळेचे मूळ नाव व क्रमांक, माध्यम, सत्र, विलीनीकरणाची तारीख आणि रजिस्टरे सध्या जिथे आहेत ती शाळा, अशी विभागवार यादी संकेतस्थळावर टाकावी. ती आधी व्हावी, स्कॅनिंग नंतर झाले तरी चालेल. आणि यापुढे रजिस्टरांची पानांच्या संख्येसह लेखी पोच घेतल्याशिवाय कोणतीही शाळा हलवू नये.

तोवर उतारा काढायला जाणाऱ्यांनी घरात कोणा भावंडाचा जुना शाळा सोडल्याचा दाखला आहे का ते आधी पाहावे. त्यावरचा रजिस्टर क्रमांक आणि प्रवेशाची तारीख मिळाली, की शोध त्या वर्षाच्या आसपासच्या पानांपुरता उरतो.

आपले,
काही निवृत्त मुख्याध्यापक, लालबाग-परळ