‘वहिनी, हे असेच झाले ना?’

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

किमान शिल्लक नसल्याच्या नावाखाली आईच्या बचत खात्यातून कापलेली सगळी रक्कम बँकेने परत जमा केली, हे आपणांस फोनवर कळवलेच होते. तरीही बँकेकडे द्यायचा तक्रार अर्ज लिहून दिल्याबद्दल आपले आभार चार लोकांदेखत मानावेत असे वाटले, म्हणून हे उघड पत्र. आपले नाव न घालण्याची आपली अट पाळली आहे. बँकेचेही नाव घालत नाही, कारण त्या शाखेची फुकट जाहिरात करण्याची माझी इच्छा नाही.

शाखेत आम्हाला प्रत्येक टेबलावर एकच उत्तर मिळत होते, “सिस्टीमने कापले आहेत.” शिलाईकामातून आईने साठवलेले पैसे दंडापायी संपून खाते उणे शिलकीत गेले, पण ते कोणत्या हिशोबाने, हे सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही. शिवाय खातेदार समोर बसलेली असताना तिच्याकडे न पाहता सारे बोलणे माझ्याशीच चालले होते.

आपण मात्र आधी पासबुक मागितलेत आणि दंडाच्या प्रत्येक नोंदीपुढे पेन्सिलने बारीक खूण केलीत. रिझर्व्ह बँकेचे 20 नोव्हेंबर 2014 चे परिपत्रक, जे 1 एप्रिल 2015 पासून लागू झाले, ते आपल्याला जवळजवळ तोंडपाठ होते: शिल्लक घटल्यास एसएमएस, ईमेल किंवा पत्राने आधी कळवायचे, ती भरून काढायला किमान एक महिना द्यायचा, दंड तुटीच्या प्रमाणातच घ्यायचा आणि केवळ दंडामुळे खाते उणे होऊ द्यायचे नाही. हे सारे नोंदींच्या तारखांसह एका पानात बसवून आपण शेवटी रक्कम परत मागितलीत आणि 30 दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करू, एवढेच लिहिलेत. माझे एक खोचक वाक्य वाचून आपण म्हणालात, “हे पाटीवर शोभेल, अर्जात नको.” (पुण्यात कोणाचे वाक्य याहून मवाळपणे खोडले गेले असेल, असे वाटत नाही.)

पण मला राहून राहून आठवते ते पुढचे. सहीसाठी मी कागद आईपुढे सरकवला, तेव्हा आपण तो अडवलात. “अर्ज त्यांचा आहे, आधी त्यांना वाचून दाखवतो,” असे म्हणून आपण खुर्ची तिच्याकडे वळवलीत आणि दर वाक्यानंतर थांबून विचारलेत, “वहिनी, हे असेच झाले ना?” एका ठिकाणी ती म्हणाली, “एसएमएस आला नाही हे खरे, पण घरी पत्रही आले नव्हते.” आपण लगेच समासात ते लिहून घेतलेत. तिचे म्हणणे इतक्या गांभीर्याने ऐकून घेणारे या प्रकरणात आपण पहिलेच.

बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये ज्या शहरात ग्राहक पंचायत उभी केली, तिथे हक्कासाठी भांडणाऱ्यांची वानवा नाही. ज्याचा हक्क आहे त्यालाच विचारून त्याच्यासाठी भांडणारी माणसे मात्र मला फारशी भेटलेली नाहीत.

रक्कम जमा झाल्याचे सांगायला शाखेतून फोन आला, तो माझ्याच मोबाइलवर. आईने तो माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, “खाते माझे आहे, मला सांगा.” सगळे ऐकून घेतल्यावर तिने तेच लेखी पाठवायला सांगितले.

आपला नम्र,
वहिनींचा मुलगा