मथळ्यात राहून गेलेला एक शब्द

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात ‘जगातील सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली’ या मथळ्याची बातमी वाचली. गणिताला पहिल्या पानावर जागा मिळाली याचा आनंद झाला. परंतु मथळा चुकला आहे आणि बातमीचा शेवटही दिशाभूल करणारा आहे, म्हणून हे पत्र.

सर्वांत मोठी मूळ संख्या अस्तित्वातच नाही. मूळ संख्यांची कितीही लांब यादी केली, तरी त्या सर्वांच्या गुणाकारात १ मिळवून येणाऱ्या संख्येला यादीतील कोणत्याही संख्येने भागले असता बाकी १ उरते. म्हणजे यादीबाहेर एखादी मूळ संख्या असलीच पाहिजे, हे युक्लिडने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी दाखवले. (अशी संख्या स्वतःच मूळ असते, हा वर्गात हमखास होणारा गैरसमज. २, ३, ५, ७, ११ आणि १३ यांच्या गुणाकारात १ मिळवला की ३००३१ येते, आणि ती ५९ गुणिले ५०९ आहे.)

अमेरिकेतील लूक ड्युरांट यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली संख्या ही ज्ञात मूळ संख्यांतील सर्वांत मोठी होय : २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. ती मूळ आहे हे ठरवले कसे, हा खरा रंजक भाग बातमीत आलाच नाही. घातांक विषम मूळ संख्या असेल, तर अशा संख्यांना ल्युका-लेमर कसोटी लावता येते. ४ पासून सुरुवात करायची, वर्ग करून २ वजा करायचे आणि उत्तराला तपासायच्या संख्येने भागून फक्त बाकी पुढे न्यायची. घातांकापेक्षा दोनाने कमी वेळा असे केल्यावर बाकी शून्य आली तरच ती संख्या मूळ. ३१ म्हणजे २ चा पाचवा घात वजा १, म्हणून तीन पायऱ्या : ४ वरून १४, १४ वरून १९४, बाकी ८, ८ वरून ६२, बाकी शून्य. पाटीवर दोन मिनिटांत होणारी हीच कृती ड्युरांट यांच्या संख्येसाठी १३,६२,७९,८३९ वेळा करावी लागते, तीही कोट्यवधी अंकी संख्यांवर.

तिचा शेवटचा अंक मात्र कोणालाही काढता येईल. २ च्या घातांचे एकक स्थानचे अंक २, ४, ८, ६ असे फिरत राहतात. घातांकाला ४ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून २, आणि त्यातून १ गेल्यावर १.

या शोधामुळे बँकांचे व्यवहार अधिक सुरक्षित होतील, हे विधान तर अजिबात पटणारे नाही. तेथे सामान्यतः काहीशे अंकी मूळ संख्या पुरतात आणि त्या गुप्त असाव्या लागतात. साऱ्या जगाला ठाऊक असलेल्या संख्येचा तेथे काय उपयोग?

मथळ्यात ‘ज्ञात’ हा शब्द घालून दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, मिरज