अंगठ्या मोजून क्वार्टरबॅक ठरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याच्या, निमित्ताने आपल्या क्रीडा पानावर आलेला लेख इथे मेरीलँडमध्ये बसून वाचला. मराठी दैनिकात अमेरिकन फुटबॉलला एवढी जागा मिळाली याचा आनंद झाला. पण ‘टॉम ब्रेडीकडे सात अंगठ्या आहेत, तेव्हा सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक कोण हा वादच संपला’ हे त्यातले विधान मला मुळीच पटले नाही. (क्वार्टरबॅक म्हणजे चढाईची सूत्रे हलवून पास फेकणारा खेळाडू, आणि अंगठी म्हणजे सुपर बोल जिंकणाऱ्या संघाला मिळणारी खूण.) बाल्टिमोरच्या परिसरात राहून मला बत्तीस वर्षे झाली. इथे तो वाद संपलेला नाही.

ब्रेडीचे मोठेपण मी नाकारत नाही. २०००च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, १९८ खेळाडूंची नावे पुकारून झाल्यावर त्याचा नंबर लागला. २०१७च्या सुपर बोलमध्ये अटलांटाविरुद्ध ३-२८ असा मागे पडलेला सामना त्याने जादा वेळेत जिंकून दिला. त्रेचाळिसाव्या वर्षी नव्या संघात जाऊन पुन्हा अजिंक्यपद मिळवले. पण अंगठी संघाची असते, राखीव खेळाडूंनाही ती मिळते. २०१५च्या सुपर बोलमध्ये प्रतिस्पर्धी सिअ‍ॅटल गोलरेषेपासून अवघ्या एका यार्डावर येऊन ठेपले होते. त्यांचा पास माल्कम बटलर या नवख्या बचावपटूने हवेतच हिसकावला, तेव्हा ब्रेडी मैदानाबाहेर बसून होता, कारण बचावाची तुकडी वेगळी असते. ती अंगठी त्याच्या नावावर लागली. तीनच वर्षांनी फिलाडेल्फियाविरुद्ध त्याने तब्बल ५०५ यार्डांचे पास फेकले आणि संघ ३३-४१ असा हरला. त्या दिवसाची अंगठी नाही, म्हणून तो खेळ कमी प्रतीचा मानायचा का?

मोजायचेच तर एका माणसाच्या शिरावर किती भार होता ते मोजावे. तसे मोजले तर माझे मत बाल्टिमोरच्या जुन्या काळातल्या क्वार्टरबॅकला, जॉनी युनायटसला.

१९५५ मध्ये पिट्सबर्गने त्याला निवडले आणि एकही सामना न खेळवता काढून टाकले. तो बांधकामावर मजुरी करू लागला आणि सामन्याला सहा डॉलर घेऊन अर्धव्यावसायिक संघाकडून खेळत राहिला. पुढच्या वर्षी बाल्टिमोर कोल्ट्सने त्याला घेतले. आज प्रशिक्षक क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या रेडिओवरून त्याच्या कानात चाल सांगतो. ही सोय १९९४ पासूनची. युनायटस हडलमध्ये, म्हणजे चालीआधी जमणाऱ्या खेळाडूंच्या घोळक्यात, उभा राहून बहुतेक चाली स्वतः ठरवत असे. समोरची बचावफळी वाचायची, चाल पुकारायची आणि ती पारही पाडायची, हे सगळे एकट्याने.

२८ डिसेंबर १९५८, न्यूयॉर्कचे यांकी स्टेडियम. अजिंक्यपदाच्या सामन्यात कोल्ट्स तीन गुणांनी मागे, सामना संपायला जेमतेम दोन मिनिटे, चेंडू आपल्याच गोलरेषेपासून १४ यार्डांवर. युनायटसने रेमंड बेरीला लागोपाठ तीन पास दिले, तिन्ही मिळून ६२ यार्ड. सात सेकंद उरलेली असताना फील्ड गोलने (चेंडू खांबांमधून लाथाडून मिळणारे तीन गुण) बरोबरी झाली आणि जादा वेळेत ८० यार्ड चेंडू नेत सामना २३-१७ जिंकला. हे दोघे सराव संपल्यावरही मैदानावर थांबून तेच तेच पास घोटत असत. त्या तीन पासांमागे ती मेहनत होती.

आणि मार! १९६० मध्ये शिकागोत बेअर्स संघाच्या बचावपटूने त्याचे नाक फोडले. रक्त थांबेना, तेव्हा सहकाऱ्याने मैदानातला चिखल उचलून त्याच्या नाकात कोंबला. तशा अवस्थेत त्याने अखेरच्या क्षणी लेनी मूरला पास देऊन सामना काढला.

आकडेवाले म्हणतील, युनायटसचे २९० टचडाउन (गोलरेषेपार पोचलेले पास) आणि तब्बल २५३ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने हिसकावलेले पास). ब्रेडीचे ६४९ आणि २१२. आकडे खरे आहेत, पण नियम बदलले त्याचे काय? १९७८ पर्यंत पास घ्यायला धावणाऱ्या खेळाडूला बचावपटू वाटेत धक्के देत अडवू शकत. त्या वर्षी पाच यार्डांपुढे त्याला मनाई झाली आणि पास देणे पुष्कळ सोपे झाले. गावसकरने १९७१ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये हेल्मेटविना काढलेल्या ७७४ धावा आपण आजच्या धावांशी एका तराजूत तोलत नाही. मग इथेच का तोलायच्या? त्या काळात युनायटसने सलग ४७ सामन्यांत किमान एक टचडाउन पास दिला. तो विक्रम मोडायला २०१२ उजाडावे लागले.

आणखी एक थोर क्वार्टरबॅक, जो मोंटाना, याचे चाहते रागावतील. चार सुपर बोल, चारही जिंकलेले आणि त्यांत एकही इंटरसेप्शन नाही. त्याला मी दुसरा क्रमांक देईन, ब्रेडीच्याही वर. पण मोंटानाच्या पाठीशी बिल वॉल्शसारखा चाली रचणारा प्रशिक्षक होता.

इथल्या स्टेडियमबाहेर युनायटसचा पुतळा आहे, पास फेकण्याच्या पवित्र्यातला. गेल्या हंगामात एक वृद्ध गृहस्थ नातवाला घेऊन तिथे उभे होते. पुतळ्याच्या घोट्यावर येणाऱ्या बुटांकडे बोट दाखवून ते म्हणाले, असे बूट घालणारा तो अखेरच्यांपैकी एक. मग त्यांनी स्वतःचा उजवा हात पुढे करून बोटे सैल सोडली. युनायटसचा हात उतारवयात असाच झाला होता. जुन्या दुखापतींनी बोटांतली ताकद गेली आणि गोल्फ खेळताना काठी हाताला पट्टीने बांधावी लागे. नातू बराच वेळ त्या हाताकडे पाहत राहिला.

पुढच्या सुपर बोलला पुन्हा असा लेख छापाल, तेव्हा युनायटसला निदान एक परिच्छेद द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक
टॉसन, मेरीलँड