जोडीचे खाते, लाभ मात्र एकालाच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बँकांच्या जाहिरातींतली नवराबायको विमानतळाच्या लाउंजमध्ये कॉफी पीत बसलेली असतात, नाहीतर सिनेमाच्या एका तिकिटावर दुसरे फुकट मिळाले म्हणून खुशीत असतात. मिळतात त्या सवलती जरूर घ्याव्यात. पण बँकेच्या काउंटरमागे उमेदीची वर्षे घालवल्यावर एवढे सांगतो, की आमच्या मिरज-सांगलीकडच्या घरांना वेळेला उपयोगी पडणारे फायदे खात्याच्या फॉर्मवरच्या मोजक्या रकान्यांत असतात. बहुतेक जोडपी मात्र पेन्सिलीची फुली दिसेल तिथे सही करून मोकळी होतात.

पहिला रकाना नावांचा. बँक बुडाली तर ठेवीदाराचे पैसे परत देणाऱ्या ठेव विमा महामंडळाचे संरक्षण एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ही मर्यादा अवघी १ लाख होती. फेब्रुवारी २०२० मध्ये ती वाढली. आता आपल्याकडची पद्धत बघा. घरातली मुदत ठेवीची प्रत्येक पावती ‘यांचे नाव आधी, माझे नंतर’ अशीच. मग पावत्या दहा करा, शाखा तीन करा, नावांचा क्रम तोच असल्यामुळे सगळ्या मिळून संरक्षण ५ लाखांचेच. याउलट नवऱ्याचे एकट्याचे खाते, बायकोचे एकटीचे, नवरा पहिला-बायको दुसरी असे संयुक्त आणि बायको पहिली-नवरा दुसरा असे संयुक्त, ही चारही वेगळी धरली जातात. म्हणजे एकाच बँकेत जोडप्याला २० लाखांपर्यंत कवच मिळते. त्यासाठी जादा पैसे लागत नाहीत, एका फॉर्मवर नावे उलट्या क्रमाने लिहायची असतात. माझ्या अनुभवात याला अडचण नियमांची कधीच आली नाही. ‘बायकोचे नाव आधी कशाला?’ हा प्रश्न मात्र हमखास यायचा, आणि कधीकधी तो बायकोच विचारायची.

पतसंस्थेतल्या ठेवींना हे संरक्षण नाही, हेही अर्धा-पाऊण टक्का जादा व्याजाच्या मोहात पडणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

दुकान चालवणाऱ्या जोडप्यांची गोष्ट थोडी निराळी. चालू खात्याला व्याज नसते, तरी गल्ल्यातली शिल्लक तिथे महिनोन् महिने पडून असते. शिवाय दुकान एकट्या नवऱ्याच्या मालकीचे असेल तर दुकानाचे चालू खाते आणि त्याचे स्वतःचे बचत खाते ठेव विम्यासाठी एकत्र मोजले जाते. दोघांची रीतसर भागीदारी असेल तर भागीदारी संस्थेचे खाते वेगळे. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या बाईचे नाव कागदावर कुठेच नसते, त्याचा हा एक तोटा.

करांबद्दल थोडक्यात. जुन्या करपद्धतीत ज्येष्ठ नागरिकाला बँक आणि पोस्टातल्या व्याजावर वर्षाला ५० हजारांपर्यंत वजावट मिळते, आणि ती माणशी असते. पतीपत्नी दोघेही साठीपुढचे असतील आणि सगळ्या पावत्या एकाच्याच पैशाच्या, एकाच्याच नावे असतील, तर दुसऱ्याची वजावट वाया जाते. मात्र यावर उपाय म्हणून नवऱ्याने आपली रक्कम उचलून बायकोच्या नावे पावती केली, तर ते व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते. तिचे स्वतःचे निवृत्तिवेतन, माहेरचे पैसे, शिकवणीची किंवा शिवणकामाची कमाई पहिल्यापासून तिच्या खात्यात गेलेली असेल, तरच हे गणित जमते.

आता विम्याकडे येतो, कारण तिथली हळहळ मी जवळून पाहिली आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा आहे, वयाची अट १८ ते ७०. जीवन ज्योती योजनेत ४३६ रुपयांत २ लाखांचा आयुर्विमा, आणि त्यात ५० वर्षांपर्यंत सहभागी होता येते. खाते संयुक्त असेल तर नवराबायको दोघांनाही त्याच खात्यातून सहभागी होता येते. प्रत्येकाचा हप्ता मात्र वेगळा भरावा लागतो. पासबुकात २० रुपये वजा झालेले दिसले की दोघांचाही विमा झाला, असा सर्रास समज असतो. तो झालेला असतो फॉर्म भरलेल्या एकाचाच. हप्ता मेअखेरीस कापला जातो, त्या वेळी खात्यात शिल्लक नसेल तर विमा खंडित होतो. दुसऱ्या टोकाला, दोन बँकांतून दोनदा हप्ता भरणारेही भेटले आहेत. त्यांना ४ लाख मिळत नाहीत, २ लाखच मिळतात.

रुपे कार्डावरच्या अपघात विम्याला कार्ड वापरात असण्याची अट असते. जनधन खात्याच्या कार्डावर अपघातापूर्वीच्या ९० दिवसांत एक तरी व्यवहार झालेला असावा लागतो. बायकोचे कार्ड डब्यात जपून ठेवायचे आणि सगळे पैसे नवऱ्याच्या कार्डाने काढायचे, असे ज्या घरात चालते तिथे तिचा विमा कागदावरच राहतो. पगार खात्यांवर तर काही बँका याहून कितीतरी मोठ्या रकमेचा अपघात विमा देतात. पण तो मागावा लागतो आणि दाव्याला मुदत असते. खातेदार गेल्यावर बँक आपणहून घरी फोन करत नाही, आणि अशा विम्याचे नावही न ऐकलेली पत्नी वर्षभराने वारसाचे कागद घेऊन आली की काउंटरवरच्या माणसाला मान खाली घालावी लागते.

राहिला तो खाते चालवण्याचा रकाना. ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ यावर खूण केली म्हणून मुदत ठेव मध्येच मोडायला एकाची सही पुरते असे नाही. त्याची वेगळी सूचना दोघांच्या सह्यांनी ठेव ठेवतानाच देता येते. दवाखान्याचे बिल समोर असताना अतिदक्षता विभागातल्या माणसाची सही आणायला सांगणे बँकेलाही जड जाते. नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नामांकन करता येते, तेव्हा जुने नामांकनही एकदा तपासून घ्यावे. लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर अजून आईचेच नाव असलेले कितीतरी पन्नाशीचे गृहस्थ मला ठाऊक आहेत.

बँकांकडे माझी मागणी साधी आहे. पासबुकाच्या पहिल्या पानावर खातेदारांची नावे छापता, त्याखाली प्रत्येकाचा कोणता विमा चालू आहे, त्याची अट काय, दावा किती दिवसांत करायचा आणि ठेव मोडण्याची सूचना दिलेली आहे की नाही, हे मराठीत छापा. चार ओळींचे काम आहे, आणि आता पासबुके यंत्रावरच छापली जातात.

कळावे,
एक निवृत्त बँक कर्मचारी, मिरज