कानबाईच्या तोंडावर उगवलेलं पिवळं

जळगाव,
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार लिहिणार होतो, पण मी नमस्कार केला की तुला वाटतं दिग्याला उसने पैसे हवेत. म्हणून थेट मुद्द्यावर येतो. तुझ्या कुंडीतल्या आच्छादनावर जे काही उगवलंय, त्याचा फोटो पाहिला. सोसायटीचा माळी औषध फवारायला पंप पाठीला लावून तयार आहे म्हणतोस, त्याला थांबव. फोनवर सांगितलं असतं तर तू मध्येच हसत सुटला असतास आणि माझी हकीकत अर्धीच राहिली असती.

आच्छादन घाल, म्हणजे झाडांच्या बुडाशी काडीकचरा पसरून माती झाक, हा सल्ला तुझाच. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिशीच्या वर गेला आणि अंगणातल्या काळ्या मातीला बोट जाईल अशा भेगा पडल्या, तेव्हा तो मला पटला. चोपड्याच्या साडूने कापूस निघाल्यावर पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांची, कुट्टी करून ठेवली होती. पऱ्हाट्या बांधावर तशाच रचून ठेवल्या की गुलाबी बोंडअळी त्यात दडून बसते, म्हणून हल्ली बरेच जण कुट्टी करतात. त्याने सहा पोती दिली, लाकडाच्या वखारीतून दोन पोती भुसा आणला. फुकटचा माल, मग हात कशाला आखडता घ्यायचा? मी चांगला अर्धा फूट थर दिला. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, सगळ्यांना गळ्यापर्यंत गोधडी! उन्हाळा झकास गेला, मोगऱ्याचं एक पान वाळलं नाही. मी कॉलनीत सगळ्यांना सांगत सुटलो होतो, हे तुला माहीतच आहे.

मग पाऊस लागला. ठिबक बंद करायचं मात्र राहून गेलं. वरून पाऊस, खालून नळ्या.

५ ऑगस्टला श्रावणातला पहिला सोमवार होता. आमची ही पूजेला फुलं काढायला गेली आणि तिथूनच ओरडली. मोगऱ्याच्या बुंध्याशी ताटाएवढा पिवळाधमक गोळा! पुरणाची डाळ उतू जाताना फेस येतो ना, तसा. कडेने ओलसर, बोटं फुटल्यासारखा. हिला वाटलं मांजर ओकलं. शेजारच्या आजी कुंपणावरून वाकल्या आणि त्यांचा चेहराच उतरला. "वं माय, हाई काय शे? काल आवस व्हती ना!" पिवळं दिसलं की हळद, आणि आवसेची हळद म्हणजे कोणीतरी उतारा टाकला! दुपारपर्यंत चार घरी बातमी. त्यातच गोळा सकाळी होता तिथून वीतभर सरकून विटेवर चढलेला. मी विज्ञानाचा मास्तर होतो रे, तरी खरं सांगतो, पोटात गोळा आला.

पुढच्या रविवारी घरी कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसायची होती. तीस-पस्तीस भाऊबंद रोट खायला येणार आणि अंगणात हे. मी कृषी केंद्रातून बुरशीनाशक आणून फवारलं, काही फरक नाही. मंगळवारी चिडून पाइपच्या जोरदार पाण्याने झोडपलं. एकाचे चार झाले. पहिल्याचा उरलेला तुकडा सुकून राखाडी पापडासारखा झाला होता, त्याला काडी लावली तर आतून काळपट तपकिरी धूळ उडाली, चुलीच्या धुराड्यातली काजळी उडते तशी. मी दहा मिनिटं शिंकत होतो.

शेवटी भाच्याला फोटो पाठवला, तो कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. तो हसला आणि म्हणाला, मामा, ही बुरशीच नाही, मग बुरशीनाशक काय करील? हा श्लेष्मकवक म्हणतात तो निराळाच जीव, फुलिगो सेप्टिका असं त्याचं नाव. लॅटिनमध्ये फुलिगो म्हणजे काजळी, आणि ती काजळी मी नाकाने अनुभवली होती. इंग्रज लोक त्याला सरळ कुत्र्याची ओकारी म्हणतात, म्हणजे आमची ही फारशी चुकली नव्हती. हे कुजणाऱ्या लाकडावरचे जिवाणू आणि बीजाणू खातं आणि खायला मिळेल तिकडे हळूहळू सरकतं. झाडाला ते काही इजा करत नाही. कोरडं पडू लागलं की त्याची पावडर होते आणि ती वाऱ्यापाण्यासोबत पसरते. म्हणजे पाइप मारून पेरणी मीच केली होती. याच्याच एका भाऊबंदाला, फायसॅरमला, २००० साली जपानच्या शास्त्रज्ञांनी चक्रव्यूहात सोडलं, दोन टोकांना ओटचे दाणे ठेवले, तर त्याने मधली जवळची वाट काढली! मेंदू नाही, डोळे नाहीत. मी तेहतीस वर्षं मुलांना वाट दाखवली, दाखवूनही सापडत नव्हती.

बुधवारी मग सगळं सुतासारखं सरळ झालं. नाकाला फडकं बांधलं, गोळे ओले होते तोवरच खालच्या कुट्टीसकट फावड्याने उचलले, पिशवीत घालून तोंड बांधलं. बाकीचं आच्छादन उलथून पसरलं, थर अर्ध्या फुटाचा दोन-तीन इंच केला, बुंध्यापासून वीतभर मोकळी जागा सोडली आणि ठिबकची चावी बंद केली. रविवारपर्यंत कुट्टी वरून कोरडी. कानबाई थाटात बसली. आजींनी मात्र उंबऱ्यावर लिंबू-मिरची बांधलीच. असू दे.

आता तुझ्या फोटोबद्दल. मला त्यात पिवळं कमी आणि पांढरी जाळी जास्त दिसते. ती खरी बुरशी आणि ती हवीच असते. लाकूड कुजवून मातीत मिळवायचं काम तिचंच. माझ्याकडे जाळीखालची काळी माती भुसभुशीत झाली आहे, जी मी कुदळीने कधी करू शकलो नाही. डोळ्यांना खुपत असेल तर दाताळ्याने खालीवर कर, मोडते. फक्त भुसा मातीत कालवू नकोस. कुजताना तो मातीतलं नत्र खेचतो आणि झाडं पिवळी पडतात. वर पसरलेला असला की तो त्रास फारसा होत नाही. कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या तर उपटून टाक, सोसायटीत लहान मुलं आहेत. आणि वहिनींना दमा आहे, त्यांना त्या काळ्या पावडरीजवळ फिरकू देऊ नकोस.

माझ्याकडे कढीपत्त्याखाली आता निराळंच निघालंय. मसूर डाळीएवढे खोलगट प्याले, आत मोहरीएवढे चपटे दाणे, अगदी घरट्यातल्या अंड्यांसारखे. पावसाचा थेंब पडला की दाणा टणकन बाहेर. नात काल छत्री घेऊन अर्धा तास उकिडवी बसली होती, एकसुद्धा उडालेला दिसला नाही. आज पुन्हा बसणार म्हणते. ते मी काढणार नाही.

तुझ्या कुंडीतलं नेमकं पिवळं की पांढरं, ते जवळून बघून कळव. आणि थंडीत ये, भरिताची वांगी निघाली की.

तुझा,
दिगू