वायपर मधेच थांबतो? मोटार फेकू नका

संपादक महोदय,

मृगाच्या तोंडावर नागपुरात जुन्या अ‍ॅम्बॅसेडर, जीप बाहेर निघतात आणि बंद केलेला वायपर काचेच्या मधोमध उभा राहतो. मिस्त्री लगेच वायपरची नवी मोटार सुचवतात. बहुतेकदा तिची गरज नसते.

बटण बंद केल्यावरही या मोटारीच्या गिअरच्या डब्यातला छोटा पार्क स्विच मोटार चालू ठेवतो आणि पाती खाली आली की प्रवाह तोडतो. बंद करताच पाती जिथल्या तिथे थांबत असतील, तर हा स्विच, त्याची वायर किंवा अर्थ (गाडीच्या पत्र्याशी असलेली विजेची जोडणी) तपासा. अर्थची जागा घासून चकचकीत करा. कधीच थांबत नसतील, तर संपर्क उघडत नाहीत; बॅटरी काढून डबा उघडा, वाळलेले ग्रीस पुसा, संपर्क बारीक पॉलिश पेपरने घासा. संपर्काची पत्ती वाकवताना जपून, ती ठिसूळ असते.

रोज एकाच चुकीच्या जागी थांबत असतील, तर विजेचा दोष नाही. काच ओली करून वायपर चालवा, बंद करा, मग पाती धरणारा आर्म काढून आसाच्या दात्यांवर योग्य जागी बसवा. लुकास कंपनीच्या जुन्या डीआर३ए वायपर मोटारीत डब्यावरच्या झाकणाचे ४ स्क्रू सैल करून वरची गोल टोपी किंचित फिरवली, की थांबण्याची जागा बदलते. एवढ्याने भागले नाही, तर मोटारीची हालचाल वायपरपर्यंत नेणारी रॅकची केबल सोडून नुसती मोटार चालवून पाहा. ती नीट थांबली, तर केबल जड झाली आहे.

– जुन्या गाड्यांचा एक जाणकार, धरमपेठ, नागपूर