खेळ थांबवतोय, नोकरी चालू आहे

अँटॉप हिल, मुंबई

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

या मोसमानंतर मी खात्याच्या बास्केटबॉल संघातून खेळणं थांबवतोय. नोकरी पक्की आहे, ती कुठेही जात नाही. हे आधीच लिहितो, कारण परवा फोनवर तुमचा आवाज ऐकून हिने मला लगेच विचारलं, "बाबांना वाटतंय का की तुला काढून टाकतील?" तसं काही नाही. स्पोर्ट्स कोट्यातून लागलेला माणूस खेळ संपल्यावर खात्यात इतरांसारखाच पूर्ण वेळ काम करतो. आजवर सकाळी मैदान, मग ऑफिस, दुपारी सरावासाठी लवकर सुटका आणि स्पर्धा किंवा शिबिर असलं की खास रजा, असं चालायचं. आता दिवसभर टेबलावर बसायचं, एवढाच फरक. पगार तोच, बढतीची परीक्षा तीच. क्वार्टरही राहणार.

बाबा, त्याच फोनवर तुम्ही आणखी एक बोललात. "इतकी वर्षं खेळलास, पण नाव काही झालं नाही रे." तुम्ही रागाने नाही बोललात, माझ्यासाठी जीव तुटून बोललात, ते मला कळलं. पण त्याचं उत्तर फोनवर देता येईना, म्हणून हे पत्र. आईचा नवा चष्मा अजून आला नसेल तर तिला वाचून दाखवा.

आपल्याकडे बास्केटबॉल खेळणाऱ्याचं पोट कशावर चालतं, हे तुम्हाला नीट कधी सांगितलंच गेलं नाही. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा 1934 मध्ये दिल्लीत झाली, फेडरेशन 1950 मध्ये उभी राहिली, आणि ऑलिम्पिकला आपला संघ एकदाच गेला, 1980 मध्ये, मॉस्कोला. पैसे देणारी लीग म्हणाल तर 2015 मध्ये यूबीए नावाची एक सुरू झाली. आठ संघ होते, त्यात मुंबईचाही होता. 2017 नंतर ती बंद पडली. पुढे नव्या लीग आल्या, तरण्या पोरांना त्यांतून चार पैसे मिळतात, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण इतकी वर्षं खेळाडूची चूल पेटती ठेवली ती रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, सेनादल, पोलीस अशा खात्यांनी. आधी जिल्हा, मग राज्य, मग विद्यापीठ. तिथे कुणाच्या नजरेत भरलात तर ट्रायल, आणि ट्रायलमध्ये टिकलात तर नोकरीचं पत्र. ते पत्र आलं त्या दिवशी आईने देवापुढे ठेवलं होतं. आमच्या पिढीसाठी व्यावसायिक खेळाडू होणं म्हणजे तेच पत्र.

नावाचं विचाराल तर विशेष भृगुवंशीचं घ्या. भारताचा कर्णधार होता. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड थर्टी सिक्सर्स संघाने त्याच्याशी करार केला. 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. नोकरी ओएनजीसीत. आपल्या वाडीत, फार तर स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर विचारून पाहा, कितीजणांनी त्याचं नाव ऐकलंय. म्हणून त्याचा खेळ कमी ठरतो का? मी त्याला समोरून खेळताना पाहिलंय, बाबा. अजिबात नाही.

आणि सतनामसिंग. त्याची गोष्ट मी तुम्हाला तुकड्यातुकड्यांनी सांगितली होती, आज सगळी लिहितो. पंजाबातल्या बल्लो के या खेड्यातला मुलगा, वाढून सात फूट दोन इंच झाला. त्याचे वडील बलबीरसिंगही सात फुटांच्या वर. तरुणपणी लोक त्यांना म्हणायचे, बास्केटबॉल खेळ. पण घरच्यांनी शेती सोडून जाऊ दिलं नाही. बलबीरसिंगांनी आपल्या मुलाच्या बाबतीत ते होऊ दिलं नाही. त्याला लुधियानाच्या अकादमीत घातलं. तिथून 2010 मध्ये, चौदाव्या वर्षी, शिष्यवृत्तीवर तो फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीत गेला. एनबीए म्हणजे अमेरिकेतली सगळ्यात मोठी व्यावसायिक लीग, तिचे संघ तेव्हा वर्षाकाठी जगभरातून साठ खेळाडू निवडायचे. 2015 मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने 52 व्या क्रमांकावर त्याचं नाव घेतलं. भारतात जन्मलेल्या खेळाडूला हा मान पहिल्यांदाच मिळाला. त्या दिवशी आमच्या ड्रेसिंग रूममध्ये सगळे उड्या मारत होते, जणू आमच्यातल्याच कुणाची निवड झाली होती. पुढे काय झालं? एनबीएचा एकही सामना त्याला मिळाला नाही. खालच्या लीगमध्ये टेक्सस लेजेंड्सकडून खेळला, मग भारतात परतला, आणि नंतर अमेरिकेतच व्यावसायिक कुस्तीत उतरला.

सात फूट दोन इंच उंची, अमेरिकेतलं शिक्षण, सगळ्या देशाचं लक्ष, आणि तरी वाट अशी वळली. मला त्या गोष्टीत सगळ्यात मोठे वाटतात ते बलबीरसिंग. आपल्याला न मिळालेली वाट त्यांनी मुलाला मोकळी करून दिली. बारावीच्या वर्षी चाळीतले सगळे जण "आता चेंडू माळ्यावर टाका" म्हणत होते, तेव्हा तुम्ही डेपोत पहिली पाळी मागून घेतलीत, म्हणजे संध्याकाळी बाजारहाट तुम्हाला करता येईल आणि मला मैदान गाठता येईल. तुम्ही हे विसरला असाल. मी विसरणार नाही.

आता माझा खेळ. बीआयटी चाळीतून खाली उतरलं की मस्तान तलाव. नावात तलाव, पण आपण पाहिलं ते मैदानच. जवळच नागपाडा नेबरहूड हाउस. क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने ते 1920 च्या दशकात उभं केलं, आणि 1936 मध्ये समाजकार्याचं जे शिक्षण तिथे सुरू झालं त्याची पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाली. एवढ्याशा वस्तीतून किती काय उगवलं! अब्बास मुंतसिर त्याच गल्ल्यांतले. भारताचे कर्णधार, 1970 चे अर्जुन पुरस्कारविजेते. त्यांच्या हातातल्या करामती ऐकत आम्ही मोठे झालो. नागपाड्याची पोरं उंचीने बेताची, पण पाय चपळ आणि चेंडू हाताला चिकटलेला. आई, पहाटे तुझ्याबरोबर पाणी भरून झालं की मी तिकडे पळायचो. तिथल्या मोठ्या मुलांनी मला पहिली शिकवण दिली ती डाव्या हाताची. उजवा हात पाठीशी धरून फक्त डाव्याने ड्रिबल करत, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत, मैदानाला फेऱ्या घालायच्या. महिनोन्‌महिने तेवढंच. रमजानमध्ये तीच मुलं इफ्तारनंतर रात्री खेळायची, आणि तू मला तेवढ्या उशिरापर्यंत बाहेर राहू द्यायचीस.

माझी उंची पाच फूट नऊ इंच. त्या उंचीच्या माणसाला या खेळात एकच जागा असते, पॉइंट गार्डची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची. चेंडू हातात आला की चोवीस सेकंदांत शॉट घ्यावा लागतो. हा नियम अमेरिकेत 1954 मध्ये आला. तोवर पुढे असलेला संघ नुसता चेंडू धरून वेळ काढायचा आणि लोक कंटाळून उठून जायचे. आता पहिल्या आठ सेकंदांत मधली रेषा ओलांडायचीच. उरलेल्या वेळात काय करायचं, ते माझ्यावर. आमचा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच गडी, पुढे येऊन माझ्यावर लागलेल्या गड्याच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो. मी त्याच्या खांद्याला घासून निघतो. समोरचे दोघे माझ्यावर धावतात, आणि त्याच क्षणी तो वळून रिंगकडे पळू लागतो. दोघांचे चार हात वर, आणि त्यांच्यामधून चेंडू काढायचा. तो कुठे उभा आहे ते पाहून चालत नाही. दोन पावलांनी तो कुठे असेल, तिथे चेंडू पोचला पाहिजे. पोचला की तो फक्त हात उचलतो आणि बास्केट होते. टाळ्या त्याला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलंच तर त्याचे गुण छापून येतात. माझं नाव स्कोअरशीटवर, असिस्टच्या रकान्यात, म्हणजे ज्याच्या पासवर बास्केट झाली त्याच्या.

बाबा, मला तो रकाना मनापासून आवडतो. आमचा सेंटर कोइमतूरचा. त्याला मराठी येत नाही, मला तमिळ येत नाही, आणि हिंदी दोघांचीही कामापुरती. पण मी कुठून पास देणार हे तो माझ्या खांद्यावरून ओळखायचा. एका माणसाशी असं जुळायला वर्षं लागतात, आणि ते जुळलं की त्यापुढे मला दुसरं काही मोठं वाटत नाही. "नाव काही झालं नाही" या तुमच्या बोलण्याला माझं उत्तर हे आहे. नोकरी, घर, आजारपणातला आधार हे तर आहेच, आणि त्यासाठी मी खात्याचा ऋणी आहे. पण तो पास माझा स्वतःचा आहे.

वरळीचं आठवतं ना? ऑक्टोबर 2019, एनबीएचे संघ पहिल्यांदा भारतात आले तेव्हाचं. पहिल्या दिवशी, शाळकरी मुलांनी स्टेडियम भरलेलं असताना, इंडियाना पेसर्सने सॅक्रामेंटो किंग्जला जादा वेळेत 132-131 असं हरवलं. आपण दुसऱ्या दिवशी गेलो, त्या दिवशी 130-106. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे आपल्या मुंबईचे, हे कळल्यावर तुम्ही मान वळवून वळवून ते कुठे बसलेत ते शोधत होतात. आणि तुम्ही विचारलंत, रिंग दहा फुटांवरच का? एवढ्या गोंगाटात मला धड सांगता आलं नव्हतं. जेम्स नेस्मिथ या वायएमसीएच्या शिक्षकाने 1891 मध्ये स्प्रिंगफील्डच्या व्यायामशाळेत हा खेळ काढला. पीचच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या, आणि तो कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता. तेवढंच कारण. माणसं उंच झाली, खेळ जगभर गेला, रिंग तिथेच राहिली.

तिथली लाकडी जमीन तुम्ही वाकून न्याहाळलीत, फिटरच्या नजरेने. लाकूड थोडं दबतं, उडी मारून खाली येणाऱ्या माणसाचा दणका स्वतःत घेतं. आम्ही सिमेंटवर वाढलो, तिथे तो सगळा दणका गुडघ्यात जातो. माझ्या उजव्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे सांधा आतून धरून ठेवणारा बंध, फाटलं तेव्हा मांडीच्या मागचा कंडरा काढून तिथे बसवला. पुन्हा धावायला, वळायला, उडी मारायला जवळजवळ वर्ष गेलं. आई, त्या वर्षी तू गावचं सगळं टाकून इथे येऊन राहिलीस. आता त्याच गुडघ्यातली कूर्चा झिजलीय. डॉक्टर म्हणाले, आत्ता थांबलात तर जिने चढाल, पोरीला खांद्यावर घ्याल. आणखी दोन मोसम ओढलेत तर सांगता येत नाही. मी दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवलं, ते हेच म्हणाले. वाईट वाटतं. रात्री झोप लागत नाही कधीकधी. पण निर्णय माझा आहे आणि तो मला पटलेला आहे. हिलाही पटलाय.

पुढचं ठरलंय. प्रशिक्षणाचा कोर्स करतोय, आणि ऑफिसच्या आधी कॉलनीतल्या मुलामुलींना शिकवणार. सुरुवात थ्री बाय थ्रीने. एका बाजूला तीन, अर्धंच कोर्ट, एकच रिंग, बारा सेकंदांत शॉट. दहा मिनिटांचा सामना, किंवा जो आधी 21 करेल तो जिंकला. टोकियोपासून हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये आहे. मुंबईत पूर्ण कोर्टाला 28 बाय 15 मीटर जागा कुठून आणणार? अर्धं कोर्ट मात्र दोन इमारतींच्या मधेही बसतं. माझं ठाम मत आहे की या शहरातून पुढचे चांगले खेळाडू असल्याच अर्ध्या कोर्टांवरून येतील. मुली जास्त आल्या पाहिजेत, त्यासाठी मी घरोघरी जाऊन आयांशी बोलणार आहे. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, हे त्यांना सांगणार आहे.

बाबा, यात मला तुमची मदत हवी आहे. कॉलनीतला खांब चांगला आहे, पण मुलं लोंबकळून रिंग पुढे वाकलीय. मागच्या प्लेटचे बोल्ट ढिले झालेत आणि एका बाजूची वेल्डिंग सुटलीय. मापं देतो: रिंगची वरची कड जमिनीपासून 3.05 मीटर आली पाहिजे, आतला व्यास 45 सेंटिमीटर. बोर्ड 1.80 बाय 1.05 मीटरचा, त्याची खालची कड 2.90 मीटरवर. बोर्डापासून रिंगची आतली कड 15 सेंटिमीटर पुढे. पोरं पुन्हा लोंबकळणारच, त्यांना कितीही ओरडलं तरी. तेव्हा मागे किती जाडीची प्लेट टाकू आणि खालून तिरका टेकू द्यावा का, ते कळवा. डोळ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं, तर गणपती झाल्यावर दोघंही या, म्हणजे वेल्डर बोलावून तुमच्यासमोरच काम करून घेता येईल. तिकिटं मी काढतो. आई, फणसाचे गरे पाठवू नकोस, वाटेत खराब होतात. कोकमं मात्र संपलीत.

तुमचा,
धाकटा